धुराला पुरून उरलेलं कुंपण

१९२५ साली क्यू इथल्या शाही वनस्पती उद्यानाने एका बाबतीत लंडनच्या हवेपुढे हात टेकले. पाइन, फर, स्प्रूस, सायप्रस अशा सूचिपर्णी वृक्षांचा तिथला संग्रह कोळशाच्या धुरात धड वाढेना. शेवटी वनखात्याला सोबत घेऊन केंट परगण्यात, बेजबरी नावाच्या मोकळ्या हवेच्या जागी, नवी लागवड सुरू झाली. ब्रिटनचा राष्ट्रीय सूचिपर्णी संग्रह आज तिथे आहे. साऱ्या साम्राज्यातली झाडं जगवून दाखवणाऱ्या संस्थेला आपल्याच अंगणात माघार घ्यावी लागली.

नेमक्या त्याच वर्षांत, त्याच धुरात, लंडनच्या कडेकडेने उठणाऱ्या हजारो घरांपुढे एक झुडूप मजेत वाढत होतं. त्याला ना क्यूचे माळी हवे होते, ना खास माती. उन्हाळ्यात दोन-तीनदा कात्री फिरवली की त्याचं भागत होतं. त्या झुडपाचं नाव प्रिव्हेट.

लंडनच्या उपनगरातल्या जवळपास कुठल्याही भुयारी रेल्वेच्या स्टेशनातून बाहेर पडा आणि घरांच्या रस्त्याला वळा. गुडघाभर विटांची भिंत, तिच्यामागे छातीइतकं हिरवं कुंपण, बोटाच्या पेराएवढी चकचकीत लांबट पानं, आणि वरचा माथा पट्टीने आखल्यासारखा सपाट. पुढच्या घरी तेच, त्याच्या पुढच्या घरीही तेच. जे. के. रोलिंग यांना हॅरी पॉटरच्या मावशीचं, त्या अतिनीटनेटक्या डर्स्ली कुटुंबाचं घर कुठेतरी ठेवायचं होतं. त्यांनी पत्ता दिला तो ४, प्रिव्हेट ड्राइव्ह. उपनगराची खूण म्हणूनच हे झुडूप निवडल्याचं त्यांनी पुढे सांगितलं आहे. इंग्रज वाचकाला तेवढ्या पत्त्यावरून त्या घरातले पडदे, गाडी आणि शेजाऱ्यांची भीती सगळं दिसतं. आपल्याकडच्या मुलांना तो नुसता पत्ता वाटतो.

एखादं झुडूप इतकं पसरलं म्हणजे ते लोकांना फार आवडत असणार, असं आपण धरून चालतो. प्रिव्हेटच्या बाबतीत तसं काही दिसत नाही. त्याच्या पांढऱ्या फुलांचा वास अनेकांना डोकं उठवणारा वाटतो. बागकामावर लिहिणाऱ्यांनी त्याची हेटाळणीच जास्त केली आहे. माझ्या मते त्याच्या यशाचं गमक हेच आहे की त्याच्यावर कुणाचं प्रेम असण्याची गरजच पडली नाही. रोपवाल्याला ते सोयीचं होतं, घरं बांधणाऱ्याला होतं, पालिकेला होतं आणि भाडेकरूलाही होतं. प्रत्येकाची सोय वेगळी होती, झुडूप मात्र एकच.

आधी त्याची कुळकथा. प्रिव्हेट हे ओलिएसी कुळातलं, म्हणजे आपल्या मोगरा, जाई-जुई आणि पारिजातकाच्या गोतातलं. ऑलिव्हही त्यातलंच. त्याची शास्त्रीय प्रजाती लिगुस्ट्रम. दक्षिण इंग्लंडच्या खडूमिश्रित टेकड्यांवर याची एक रानटी जात पूर्वापार आहे, आणि जुन्या बागांमध्ये मांडव झाकायला, नक्षीदार वाफे आखायला तिचा उपयोग होत असे. पण ती थंडीत पानं टाकते. वर्षातले ऐन उदास महिने कुंपण उघडं पडलं तर घरमालकाला त्याचा काय उपयोग? एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला जपानकडची लिगुस्ट्रम ओव्हॅलिफोलियम ही जात युरोपात पोचली. तिची पानं जरा रुंद, आणि थंडी फार कडक नसेल तर ती वसंतापर्यंत टिकतात. शहर आजूबाजूच्या रानापेक्षा दोन-तीन अंशांनी उबदार असतं, त्यामुळे तिथे तर आणखीच. पाहता पाहता गावठी जात मागे पडली आणि कुंपण म्हटलं की जपानी प्रिव्हेट असं समीकरण झालं.

आता रोपवाल्याची सोय. कुंपण लावायचं म्हणजे एक झाड लावायचं नसतं, फूटभर अंतराने ओळ लावायची असते. वीस फुटी दर्शनी बाजूला वीसेक रोपं लागतात. तेव्हा रोप किती देखणं यापेक्षा ते केवढ्याला पडतं हा प्रश्न आधी येतो. यू हा इंग्लंडमधला कुंपणाचा राजा, पण तो हळू वाढतो आणि महाग पडतो. बॉक्सवूड त्याहून हळू. हॉलीची रोपं रुजायला नखरे करतात. प्रिव्हेटचं काम वेगळं. पानगळीच्या सुमारास पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, वीतभर लांबीच्या काड्या कापायच्या, उघड्या जमिनीत दोन तृतीयांश खुपसायच्या आणि विसरून जायचं. काचघर नको, ऊब नको. वसंत येईतो बहुतेक काड्यांना मुळं फुटलेली असतात. वर्षभरात विकण्याजोगं रोप तयार होतं. मुळांभोवतीची माती झटकून त्याच्या जुड्या बांधून हिवाळ्यात कुठेही पाठवता येतात. ज्याच्याकडे एक जुनं कुंपण आहे त्याच्याकडे छाटणीच्या प्रत्येक खेपेला शेकडो नव्या रोपांचा कच्चा माल फुकट पडतो. शेजाऱ्याने शेजाऱ्याला काड्या द्याव्यात आणि गल्लीच्या गल्ली हिरवी व्हावी, हेही त्यामुळेच घडलं.

पुण्या-मुंबईकडच्या जुन्या बंगल्यांपुढे आणि शाळांच्या मैदानांकडेला हेच काम कोयनेलने केलं आहे. तीही काडीवर येते, कात्री सोसते, आणि गुरं तिला सहसा तोंड लावत नाहीत. इंग्रजी पुस्तकांत कोयनेलला इंडियन प्रिव्हेट असं नाव मिळालं, ते उगाच नव्हे. दोघींचं कूळ पार वेगळं, पण नोकरी तीच.

दुसरी सोय कात्रीची. कपाशीचा किंवा तुरीचा शेंडा खुडला की फुटवे वाढतात हे शेतकऱ्याला ठाऊक असतं. फांदीच्या शेंड्यात ऑक्झिन नावाचं संप्रेरक तयार होऊन खाली झिरपतं आणि खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतं. शेंडा गेला की हा दाब सुटतो आणि झोपलेले डोळे फुटतात. प्रिव्हेटची पानं समोरासमोर, जोडीजोडीने येतात, म्हणून प्रत्येक पेरावर डोळे दोन. एक शेंडा कापला की दोन फांद्या उभ्या राहतात, त्या कापल्या की चार. म्हणूनच जाणता माळी नवं लावलेलं प्रिव्हेट पहिल्याच वर्षी निर्दयपणे वीतभरावर कापतो. हौशी माणसाला ते जिवावर येतं. तो उंची लवकर मिळावी म्हणून कात्री आवरतो आणि मग आयुष्यभर खालून उघड्या, वरून डोईजड कुंपणाकडे बघत बसतो. खालचा भाग एकदा भरला की मात्र हे झुडूप जवळजवळ कसलाही अत्याचार सोसतं. बुंध्याशी कापलेलं, वर्षानुवर्षं दुर्लक्षित राहिलेलं कुंपणही जुन्या लाकडातून पुन्हा फुटतं. बहुतेक सूचिपर्णी कुंपणांना हे जमत नाही. त्यांच्या तपकिरी लाकडापर्यंत कात्री गेली की ती जागा कायमची बोडकी राहते.

या सगळ्यापेक्षा मोठं कारण हवेत होतं. १९५० च्या दशकापर्यंत लंडन, मँचेस्टर, लीड्स ही शहरं घराघरातल्या शेगड्यांमध्ये कोळसा जाळून ऊब मिळवत. त्या धुरात गंधकाचा डायऑक्साइड असे आणि काजळी असे. काजळी पानावर बसून ऊन अडवते, पानावरची सूक्ष्म छिद्रं बुजवते. गंधकाचा वायू आत शिरून पेशी जाळतो. सूचिपर्णी झाडं एकच पान अनेक वर्षं बाळगतात, त्यामुळे त्या पानावर प्रत्येक हिवाळ्याची भर पडत जाते. प्रिव्हेट दर वसंतात नव्या पानांची फौज उभी करतं. त्याचं पान गुळगुळीत असल्याने पावसाने बरंचसं धुऊन निघतं, आणि त्या वायूलाही ते झुडूप फारशी दाद देत नाही. लंडनच्या रस्त्यांवर प्लेन वृक्ष टिकला आणि अंगणात प्रिव्हेट टिकलं, यामागे कुणा नगररचनाकाराची सौंदर्यदृष्टी शोधू नये. बाकीचे उमेदवार मरत होते. ही हवा माणसांनाही झेपत नव्हती. १९५२ च्या डिसेंबरात ५ ते ९ तारखेपर्यंत लंडनवर जे धुरकं बसलं त्यात सुमारे ४,००० माणसं दगावल्याचा त्या वेळचा अंदाज होता. पुढच्या अभ्यासांनी तो आकडा १२,००० पर्यंत नेला. त्यानंतर १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा झाला.

किडींनीही प्रिव्हेटला फारसा त्रास दिला नाही, आणि त्याचं कारण जपानी संशोधकांनी १९९० च्या दशकात उलगडलं. ते मला या झुडपाबद्दलची सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. पानात ऑल्युरोपीन नावाचं द्रव्य साठवलेलं असतं. कच्च्या ऑलिव्हला कडू करणारं द्रव्य तेच. त्याला चेतवणारं विकर पेशीत दुसऱ्या कप्प्यात असतं. अळीने पान चावलं की कप्पे फुटतात, दोन्ही एकत्र येतात आणि जे तयार होतं ते पानातल्या प्रथिनांना एकमेकांत असं गुंतवून टाकतं की त्यातलं लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल अळीला मिळतच नाही. अळीचं पोट भरतं, पण अंगी काही लागत नाही. ज्या थोड्या अळ्यांनी प्रिव्हेटवरच संसार मांडला आहे त्यांनी यावर उतारा काढला आहे. त्यांच्या पाचक रसात ग्लायसिन हे दुसरं अमिनो आम्ल भरपूर असतं, आणि ते या हल्ल्याला स्वतःच्या अंगावर घेऊन लायसिन वाचवतं.

इंग्लंडमध्ये प्रिव्हेटवर हमखास सापडणारा पाहुणा म्हणजे प्रिव्हेट हॉक मॉथ हा पतंग. त्याच्या पंखांचा विस्तार बारा सेंटीमीटरपर्यंत जातो, आणि हिरव्यागार अळीच्या अंगावर जांभळे-पांढरे तिरके पट्टे असतात. दुसरा पाहुणा आपल्याकडचा आहे. तमिळनाडूत कोडाईकनालजवळच्या शेंबगनूरच्या डोंगरातला एक काटकीकिडा विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या सुमारास युरोपातल्या प्रयोगशाळांत पोचला. त्याच्या माद्या नराशिवायच अंडी घालतात, त्यामुळे एक किडा नेला तरी पुरे. इंग्लंडच्या शाळांमध्ये वर्गात पाळण्यासाठी तो फार लोकप्रिय झाला. थंडीत बाहेर सगळं निष्पर्ण असताना त्याला खायला काय द्यायचं? उत्तर शाळेच्या फाटकापाशीच होतं. शेंबगनूरचा किडा आणि जपानी झुडूप यांची गाठ अशी इंग्रजी वर्गात, बरणीतल्या एका डहाळीवर पडली. इंग्लंडमध्ये वाढलेल्या बऱ्याच मध्यमवयीन माणसांना कुंपणाच्या या पानाची ओळख त्या बरणीतून झालेली असते.

पण झुडूप कितीही गुणी असलं तरी त्याला लावायला कुणीतरी हवं. त्यासाठी उपनगराच्या कल्पनेकडे यावं लागतं. १९०७ मध्ये समाजसुधारक हेन्रिएटा बार्नेट यांनी लंडनच्या उत्तरेला हॅम्पस्टेड गार्डन सबर्ब हे उपनगर उभारायला घेतलं. रचनाकार होते रेमंड अन्विन. तिथे एकरी सरासरी आठच घरं बांधायची असं ठरलं, आणि दोन घरांच्या मध्ये भिंत न घालता झुडपांचं कुंपण किंवा जाळी असावी हेही ठरलं. भिंत ही कारखानदारी शहराची, कुंपण गावाकडचं, अशी त्यामागची भावना. पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात सरकारने घरबांधणीसाठी समिती नेमली. ट्यूडर वॉल्टर्स समिती म्हणून ती ओळखली जाते. अन्विन तिच्यावरही होते. शहरात एकरी बाराहून जास्त घरं नकोत, अशी शिफारस या समितीने १९१८ मध्ये केली. एकरी बारा घरं म्हणजे प्रत्येक घराला पुढे-मागे बाग आली, आणि पुढे बाग आली की तिला हद्द आली.

दोन महायुद्धांच्या दरम्यान इंग्लंड-वेल्समध्ये सुमारे चाळीस लाख घरं बांधली गेली. त्यातली पुष्कळशी मधली एक भिंत सामाईक असलेली जोडघरं होती. मेट्रोपॉलिटन रेल्वेने १९१५ पासून आपल्या मार्गालगतच्या मुलखाला ‘मेट्रोलँड’ म्हणून जाहिराती केल्या, आणि वेम्बली, हॅरो, पिनर इथे शेतं मोडून असल्या घरांच्या रांगा उठल्या. आज तिथे अनेक गुजराती कुटुंबं राहतात. लंडन काउंटी काउन्सिलने १९२१ ते १९३५ च्या दरम्यान पूर्वेला बेकन्ट्री ही वसाहत बांधली, तीत सुमारे २६,००० घरं होती. तिथे घरांपुढे प्रिव्हेट होतं आणि पुढची बाग नीट ठेवणं ही भाडेकरूची जबाबदारी होती. घरटी पंधराच रोपं धरली तरी एकट्या बेकन्ट्रीला चार लाखांच्या आसपास रोपं लागणार. इतकी, एकसारखी, स्वस्त आणि पहिल्या वर्षी न मरणारी रोपं दुसऱ्या कुठल्या झुडपाची मिळाली असती? यूचं कुंपण पसंत करणारा अधिकारी पालिकेत असला, तरी हिशेब मांडल्यावर त्याने प्रिव्हेटच्याच कागदावर सही केली असती.

भाडेकरूलाही त्यात काहीतरी मिळत होतं. लंडनच्या ईस्ट एंड भागातल्या दाटीतून आलेल्या माणसाचं दार आजवर थेट रस्त्यावर उघडत होतं. आता दार आणि रस्ता यांच्यामध्ये आपली म्हणता येईल अशी दहा फूट जागा आली. छातीएवढं कुंपण खिडकीतलं खाजगीपण राखतं, आणि उभ्या उभ्या शेजाऱ्याशी बोलताही येतं. शनिवारी दुपारी कात्री घेऊन बाहेर पडलेला गृहस्थ कुंपण कापतो किती आणि गल्लीची खबरबात घेतो किती, हे सांगणं कठीण. मात्र याच कात्रीत एक धाकही आहे. शेजाऱ्याचा माथा सपाट आणि आपला वाढलेला, हे सगळ्या गल्लीला दिसतं.

युद्धानेही हातभार लावला. १९४१ मध्ये शस्त्रांच्या कारखान्यांसाठी भंगार हवं म्हणून सरकारने घरांपुढचे लोखंडी कठडे कापून नेले. जुन्या बुटक्या भिंतींच्या माथ्यावर त्या कठड्यांचे कापलेले खुंट आजही दिसतात. लोखंड गेलं आणि पुष्कळ ठिकाणी आड म्हणून हिरवाईच उरली.

कायद्याचा कलही तसाच पडला. इंग्लंडमध्ये वाहनांच्या रस्त्यालगत एक मीटरपेक्षा उंच भिंत किंवा लाकडी आड घालायची तर परवानगी लागते. इतरत्र ही मर्यादा दोन मीटर. जिवंत कुंपणाला हा नियम लागू नाही. ज्याला रस्त्यापासून आडोसा हवा पण पालिकेचे उंबरे झिजवायचे नाहीत, त्याच्यासाठी झुडूप ही सरळ वाट. या सवलतीचा खरा गैरफायदा प्रिव्हेटने घेतला नाही, तो लेलँड सायप्रसने घेतला. वर्षाला मीटरभर वाढणारा हा संकरित सूचिपर्णी वृक्ष स्वच्छ हवेच्या काळात फोफावला, आणि शेजाऱ्यांची उन्हं बंद झाल्यावर भांडणं कोर्टापर्यंत गेली. अखेर २००३ च्या कायद्यात उंच कुंपणांसाठी खास तरतूद करावी लागली. दोन मीटरपेक्षा उंच सदाहरित किंवा निमसदाहरित ओळ शेजाऱ्याला जाचक ठरली तर पालिका ती कमी करायला लावू शकते. त्या ‘निमसदाहरित’ शब्दाखाली प्रिव्हेटही आलं.

अटलांटिकपलीकडे याच झुडपाचा दर्जा बदलतो. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडच्या टोकाला हॅम्पटन्स म्हणून अतिश्रीमंतांची वस्ती आहे. तिथे दोन-दोन पुरुष उंच प्रिव्हेटच्या हिरव्या भिंती बंगल्यांना झाकतात, आणि त्या कापायला शिड्या घेऊन माणसांच्या टोळ्या लागतात. बेकन्ट्रीच्या भाडेकरूचं आणि तिथल्या धनाढ्याचं झुडूप एकच असावं ही गंमत वाटते. फरक उंचीचा आणि मजुरीच्या बिलाचा.

नियमित कात्री लागलेल्या कुंपणाला फुलं क्वचित येतात, कारण फुलं शेंड्याला लागतात आणि शेंडाच उरत नाही. फुलं नाहीत म्हणजे काळी फळं नाहीत, आणि पक्ष्यांमार्फत बी पसरणंही नाही. कात्री थांबली की काय होतं हे इतर देशांनी पाहिलं आहे. अमेरिकेच्या आग्नेय भागात चिनी प्रिव्हेट नदीकाठच्या जंगलांत लाखो एकरांवर घुसलं आहे, आणि त्याच्या सावलीत स्थानिक रोपं रुजत नाहीत. न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, अर्जेंटिना इथे चकचकीत पानांची दुसरी जात झाड होऊन पसरली. आपल्या पश्चिम घाटातही लिगुस्ट्रमची एक जात आहे आणि ती घरच्या जंगलात शहाण्यासारखी राहते. तिच्याच श्रीलंकेतल्या भाऊबंदाने रियुनियन बेटावर मात्र धुमाकूळ घातला आहे.

लंडनमध्ये या कुंपणाला आता सगळ्यात मोठा धोका मोटारीचा आहे. प्रत्येक घरी एक-दोन गाड्या आल्या, रस्त्यावर जागा उरली नाही, तेव्हा लोकांनी कुंपण उपटून पुढच्या बागेवर फरशी घातली. लंडन असेंब्लीच्या २००५ च्या अहवालाने असा हिशेब मांडला की शहरातल्या पुढच्या बागांमधली फरसबंद जागा ३२ चौरस किलोमीटर भरते, म्हणजे २२ हाइड पार्क. पावसाचं पाणी मुरायला जागा राहिली नाही आणि गटारं तुंबू लागली, तेव्हा २००८ पासून पुढच्या बागेत पाच चौरस मीटरपेक्षा जास्त, पाणी न मुरणारी फरशी घालायला परवानगी सक्तीची झाली. उरलेल्या कुंपणांना आर्मिलेरिया ही मुळांवरची बुरशी ग्रासते. तिच्यापुढे प्रिव्हेट फार दुबळं आहे. ओळीतल्या झाडांची मुळं एकमेकांत गुंतलेली असल्यामुळे एक वाळलं की शेजारचं वाळतं, आणि कुंपणाला खिंडार पडत जातं.

इकडे श्रीमंत बागांमधलं बॉक्सवूडही अडचणीत आलं आहे. आधी त्याला बुरशीने गाठलं, मग पूर्व आशियातून आलेल्या एका पतंगाच्या अळ्यांनी त्याच्या बागाच्या बागा सोलून काढल्या. त्याच्या जागी रोपवाटिका आता प्रिव्हेटची बारीक पानांची एक वेगळी चिनी जात विकतात. उंच सरळ दांड्यावर गोल कापलेला हिरवा चेंडू, सुबक कुंडीत, इटलीत वाढवलेला. शहरी दारांच्या दोन बाजूंना ही जोडी उभी असते, आणि तिची किंमत ऐकली तर बेकन्ट्रीच्या माळ्याने हातातली कात्री खाली ठेवली असती.